पाऊण टाकी

नाही, पण मी म्हणतो, टाकीत पाणी किती आहे हे माणसाला दिसलं तर त्यात वाईट काय? तुम्हीच सांगा! ताप आला की आपण थर्मामीटर बघतो, स्कूटर हलवून पेट्रोल किती ते बघतो, दुधावर झाकण असलं तरी उचलून बघतो… मग अख्ख्या सोसायटीची टाकी, तीही गच्चीवर, तीही दिल्लीत, ती काय देवाच्या भरवशावर ठेवायची? पण नाही! मी भलं करायला गेलो, मीटर लावला, आणि मयूर विहारच्या त्या आमच्या सोसायटीत अजून, म्हणजे आता माझे केस पिकले तरी अजून, जिन्यात भेटलेला माणूस मला 'कसा आहेस जयदीप' विचारायच्या आधी म्हणतो, 'यार, वो तुम्हारी सुई!' आणि हसतो. आता यात माझं काय चुकलं?

तुम्हाला सांगतो, तो काळच तसा होता. शहाण्णव-सत्त्याण्णव साल. नोएडात काल जिथे सरसोंचं शेत होतं तिथे आज पत्र्याची शेड आणि परवा कारखाना! घरात केबल आली, नाक्यावर नवी नवी कोल्ड्रिंकं आली, आणि जो भेटेल तो सांगायचा, 'बेटा, कंप्यूटर कर ले.' सगळ्यांनी कंप्यूटर केला. मी इन्स्ट्रुमेंटेशन केलं. म्हणजे काय, हे आमच्या घरातसुद्धा कुणाला धड सांगता यायचं नाही. अहो, सोपं आहे! कारखान्यात टाक्या असतात, बॉयलर असतात, पाईप असतात, आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. तर आत किती गरम आहे, किती दाब आहे, किती भरलंय, ते बाहेर काट्यावर दाखवणारी यंत्रं बसवायची, ती खरं दाखवताहेत की नाही ते तपासायचं, आणि बिघडली की आपणच शिव्या खायच्या. बस्स, एवढंच.

हे मी आमच्या काकासाहेबांना समजावलं. काकासाहेब म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, कुठल्याशा मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झालेले, पण ऑफिस काही अंगातून गेलं नव्हतं. घरात मीठ कमी पडलं तरी म्हणायचे, 'विषय सौ.कडे पुट अप करा.' त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि म्हणाले, 'अच्छा. म्हणजे दुसऱ्याच्या टाकीत डोकावायचं. ठीक आहे. पण परमनंट आहे का?'

आमच्या नरसिंह सरांनी हे ऐकलं असतं तर काकासाहेबांना बेंचवर उभं केलं असतं. नरसिंह सर, आमचे इन्स्ट्रक्टर, रोहतककडचे, उंच, मिशा अशा, आणि आवाज म्हणजे कंप्रेसर चालू असला तरी मागच्या बाकापर्यंत पोचायचा. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, आता काहीतरी उघडून दाखवतील. कसलं काय! भिंतीवर एक प्रेशर गेज होता, त्याच्यासमोर आम्हाला उभं केलं आणि म्हणाले, 'देखो.' आम्ही देखलं. 'और देखो.' अजून देखलं. एक जण म्हणाला, 'सर, कुछ हो तो नहीं रहा.' तर सर पुढे आले, बोटाने काचेवर टक-टक केलं, काटा एवढासा हलला, आणि सर म्हणाले, 'बेटा, आदमी झूठ बोलता है. अफसर झूठ बोलता है. घरवाले भी बोल देते हैं, प्यार से. पर सुई झूठ नहीं बोलती. और जिस दिन सुई झूठ बोले, समझ लो टेक्नीशियन मर गया.' आता बोला! विशीतल्या पोरांना पहिल्याच दिवशी मरणाची भीती.

पण बसलं हो डोक्यात! झिरो लावायचा, म्हणजे रिकाम्याला काटा शून्यावर आणायचा, मग पूर्ण भरून बघायचं, मग परत झिरो, मग मधे मधे तपासायचं, हे करता करता माझी तर अशी अवस्था झाली की बसमध्ये समोर कुठलाही काटा दिसला की बोट आपोआप जायचं… टक-टक. ड्रायव्हर ओरडायचा, 'ओए, हाथ पीछे!' घड्याळजीच्या दुकानातूनही मला एकदा बाहेर काढलंय.

आणि घरी आई. आता आईबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण पुढे जे झालं ते… असो. आई, म्हणजे हेमलताबाई, पहाडगंजच्या मराठी शाळेत प्राथमिकच्या बाई. तिचं एकच तत्त्व, अभ्यास मोठ्याने झाला पाहिजे. मनात केलेला अभ्यास म्हणजे अभ्यास नाही, झोप! पाढे असोत, कविता असो, नाहीतर माझं इन्स्ट्रुमेंटेशन असो. मी इकडे ओरडतोय, 'टाकी आणि यंत्र यांच्यामध्ये कॉक असतो, हा कॉक बंद केला तर पाण्याचा दाब आत अडकून राहतो आणि काटा आहे तिथेच थांबतो,' आणि ती तिकडे कणीक मळतामळता, 'कुठे थांबतो? स्पष्ट म्हण!' 'आहे तिथेच थांबतो!' 'शाब्बास. पुढे.' मला वाटायचं, ती फक्त माझे उच्चार तपासतेय. मला काय माहीत, बाईंचं स्वतःचंही पाठ होतंय? आता यात माझं काय चुकलं?

तर कोर्सच्या शेवटी एक प्रोजेक्ट असायचं. वर्गातलं नाही, खऱ्या जागी, चालू टाकीवर यंत्र बसवून दाखवायचं, ते काही आठवडे चालायला हवं, मग सर स्वतः येऊन बघणार, आणि सरांची सही झाली तरच नोएडातल्या नव्या रंगाच्या कारखान्यात नाव जाणार. सही नाही तर नाव नाही. नाव नाही तर काय? तर काकासाहेबांच्या ओळखीने कुठल्यातरी सरकारी भवनात डेली वेजेसवर पाणी पाजायला. ते त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, 'काळजी करू नकोस, तुझी फाइल माझ्याकडे आहे.' अहो, त्यांच्या त्या वाक्याने मी रोज सकाळी दचकून उठायचो.

मग मी सोसायटीची टाकी धरली. सरांनी इन्स्टिट्यूटच्या भंगारातून एक जुनं यंत्र शोधून दिलं, ते मी गच्चीवर टाकीच्या तळाशी बसवलं, मधे कॉक, तिथून दोन तारा भिंतीवरून खाली, आणि खाली जिन्याशी, पत्रपेट्यांच्या शेजारी, ही एवढी गोल डायल. शून्य, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. अक्षर आईचं, शाळेच्या फळ्यावरचं, टपोरं. बघायला अख्खी बिल्डिंग आली. पहिल्या मजल्यावरची पंजाबी आंटी म्हणाली, 'हाय, किन्ना सोणा है! घड़ी है?' काकासाहेबांनी नारळ फोडला. काटा पूर्णवर होता. टाळ्या! मी आईकडे बघितलं तर ती पदराने डोळे टिपत होती… मला वाटलं, झालं. आपलं झालं!

आता ऐका.

आमच्याकडे तळमजल्यावर गुलाबराव सुभेदार राहायचे. साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त, जन्मभर पहारा दिलेला माणूस, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना पहारा द्यायला काहीच नव्हतं. ते मी दिलं! दुसऱ्याच दिवशी खुर्ची टाकून डायलसमोर बसले, पाठ ताठ, हातात काठी. काटा अर्ध्यावर आला आणि त्यांनी आरोळी ठोकली, 'अर्ध्यावर आली रं टाकी, अर्ध्यावर!' अहो, टाकी रोजच अर्ध्यावर यायची! रोज सकाळी लोक आंघोळ करतात, कपडे धुतात, मग टाकी अर्धी नाही होणार तर काय? पण इतकी वर्षं कुणाला कळत नव्हतं. आता कळलं. दारं उघडली. 'क्या हुआ?' 'पाणी संपतंय!' सगळ्यांनी बादल्या लावल्या. बादल्या लावल्या म्हणून काटा पावावर आला. गुलाबराव उभे राहिले, 'पावावर! पावावर आली, आता काय खरं न्हाय!' मग ड्रम बाहेर आले, कुकर आले, पूजेचे तांबे आले, मुलांच्या वॉटरबॅगा आल्या… एक गृहस्थ तर नुसतं 'पाव' ऐकून दुसऱ्यांदा आंघोळ करून आले, म्हणाले, मग मिळाली नाही तर? आणि जी टाकी रोज संध्याकाळी म्युनिसिपालटीचं पाणी येईपर्यंत आरामात पुरायची, ती लोक ऑफिसला निघायच्या आत ठणठणीत!

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर काटा पाऊणवरून जरा हलला की बादल्या. आंटी घरातूनच विचारायची, 'सूबेदार जी, कित्थे पहुंची?' गुलाबराव सांगायचे, 'जा रही है, बहनजी!' आणि घरोघरी भरलेलं पाणी संध्याकाळी काय करायचं? तर ताजं आलं म्हणून ओतून द्यायचं! टाकी कोरडी, मोरी तुडुंब. मी जिन्यात उभा राहून सांगतोय, 'अहो, तुम्ही बादल्या भरताय म्हणून काटा पडतोय! काटा पडतोय म्हणून तुम्ही बादल्या भरताय! कुणीतरी एकाने थांबा!' तर सगळे म्हणाले, 'बिल्कुल ठीक. शेजारच्यांना सांग.'

मग काकासाहेबांनी तातडीची मीटिंग बोलावली. गच्चीवर. विषय क्रमांक एक, यंत्र. काकासाहेब उभे राहिले आणि म्हणाले, 'वस्तुस्थिती अशी आहे की यंत्र बसवण्यापूर्वी पाणी पुरत होतं. यंत्र बसवल्यानंतर पुरत नाही. सबब, यंत्र पाणी खातं.' मी म्हटलं, 'काकासाहेब, यंत्र पाणी कसं खाईल?' 'ते तू लेखी कळव.' सगळ्यांनी हात वर केले. यंत्र काढून टाकायचं. मी म्हटलं, सर यायचेत अजून, तोपर्यंत तरी राहू द्या, माझी सही जाईल, माझी नोकरी जाईल… हात जोडले हो मी! त्या गच्चीवर, सगळ्यांसमोर. शेवटी काकासाहेबांनी एवढंच केलं की रविवारपर्यंत मुदत दिली. 'रविवारपर्यंत सुधारणा दिसली नाही, तर यंत्र खाली. आणि जयदीप, तुझी फाइल माझ्याकडे आहेच.' आई कोपऱ्यात बसली होती. नुसती त्या टाकीखालच्या कॉककडे बघत होती. माझं लक्ष होतं का तिच्याकडे? मी रडकुंडीला आलो होतो!

आणि काय सांगू तुम्हाला, दुसऱ्या दिवसापासून चमत्कार! मी सकाळी निघताना बघतो तर काटा पाऊण. संध्याकाळी परत येऊन बघतो तर पाऊण! गुलाबराव खुर्चीत, पण काठी बाजूला ठेवलेली, डोळे मिटलेले. 'कसं काय सुभेदार?' 'पाऊण हाय, पोरा. शांतता हाय.' बादल्या आत गेल्या, ड्रम गॅलरीत उलटे पडले, आणि पाणी? पाणी परत संध्याकाळपर्यंत पुरायला लागलं! रविवार आला आणि गेला, यंत्राला कुणी हात लावला नाही. काकासाहेबांनी मला जिन्यात थांबवून पाठ थोपटली, 'टाकी दुरुस्त केलीस, शाब्बास.' मला काय वाटलं असेल? मला वाटलं, सोसायटी सुधारली! मी वर्गात जाऊन भाषण दिलं, म्हटलं, लोकांना खरं दाखवलं की सुरुवातीला घाबरतात, पण हळूहळू शहाणे होतात. सरांनी मान डोलावली. 'देखा? सुई झूठ नहीं बोलती.' आता टाकी सकाळ-संध्याकाळ पाऊणच कशी, हे मी का नाही तपासलं? अहो, माणूस आपलं कौतुक चालू असताना टक-टक करतो का कधी? यात माझं काय चुकलं?

मग सर आले. सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी पाणी यायच्या वेळेला. अख्खी बिल्डिंग इस्त्रीचे कपडे घालून खाली. आईने लिंबाचं सरबत केलेलं. सर डायलसमोर उभे राहिले. बघितलं. 'और देखो,' मी मनात म्हटलं. सरांनी बोट पुढे केलं… टक-टक. काटा ढिम्म. परत टक-टक. ढिम्म! सरांच्या मिशा हलल्या, काटा नाही हलला. 'पंप चलाओ,' सर म्हणाले. काकासाहेबांनी किल्ली काढून पंप चालू केला. आम्ही सगळे काट्याकडे बघतोय. पाऊण. पाणी वर चढतंय, आवाज येतोय, काटा पाऊण. बराच वेळ गेला, पाऊण. आणि मग वरून धो धो धो… टाकी भरून वाहायला लागली, पाणी गच्चीवरून थेट आंटीच्या दोरीवरच्या रजईवर, तिथून गुलाबरावांच्या डोक्यावर. आणि गुलाबराव भिजलेले, ताठ, सरांना सलाम ठोकून सांगताहेत, 'पाऊण हाय, साहेब!'

सर एकदा धबधब्याकडे बघतात, एकदा काट्याकडे. मी मेलो! टेक्नीशियन मर गया! रंगाचा कारखाना गेला, डोळ्यांसमोर ते भवन, ते पाण्याचे ग्लास…

सर जिना चढायला लागले, मागे मी, मागे आई सरबताचा ट्रे घेऊन. गच्चीवर सर टाकीखाली वाकले, शेवाळात हात घातला, आणि म्हणाले, 'ये कॉक बंद है. किसने किया?' आणि मागून आवाज आला, शाळेत हजेरी देतात तसा, 'मी.' मग सरांसाठी हिंदीत, 'मैंने किया, सर. जब सुई पाऊण पर थी, तब.' सर म्हणाले, 'क्यों, माताजी?' तर आई ट्रे कठड्यावर ठेवून शांतपणे म्हणाली, 'आप भी पढ़ाते हैं, मैं भी पढ़ाती हूँ. मुलांना रोज मार्क दाखवले तर मुलं अभ्यास करत नाहीत सर, रडत बसतात. पानी तो उतना ही था. बस, लोग घबराते थे. और मेरे बेटे को…' आणि तिने ट्रेमधला एक ग्लास सरळ केला, 'मेरे बेटे को सब बोलते थे.' हे तिने मराठी-हिंदी सगळं एकत्र करून सांगितलं, पण सरांना कळलं. मलाही कळलं. मी आपला टाकीकडे बघत राहिलो.

सरांनी कॉक उघडला. 'नीचे चलो.'

खाली काटा टुणकन पूर्णवर गेला होता, आणि तो हलल्याबरोबर गुलाबराव ओरडले होते, 'हलली! हलली रं!' बस्स. एवढंच पुरलं! पूर्ण की शून्य, कोण बघतंय? हलली! दारं आपटली, बादल्या निघाल्या, ड्रम सुलटे झाले, सगळ्या घरांतले सगळे नळ एकदम, आणि आम्ही खाली पोचतो तर काटा असा सरसर सरसर खाली येतोय… पाऊण, अर्धी, पाव… कुठे अडखळत नाही, कुठे थरथरत नाही. आणि आमचे सर, भारावून, चेहऱ्यावर असा आनंद, जणू नातू पहिल्यांदा चालतोय! 'वाह! क्या रिस्पॉन्स है, बेटा! देखो, कितनी साफ चाल है!' आणि तिथेच, जिन्यातल्या पत्रपेटीवर कागद ठेवून, सही!

मग सरांनी शेवाळाने बरबटलेले हात पुढे केले, 'ज़रा पानी देना.' नळ सोडला. सूं… टाकी ठणठणीत! पंप? म्युनिसिपालटीचं पाणी तोवर गेलेलं. बादल्या सगळ्यांच्या भरलेल्या, पण आपली बादली कोण देतो? शेवटी माझ्या सरांनी हात सरबताने धुतले. जाताना फाटकाशी थांबले, इकडेतिकडे बघितलं, आईच्या जवळ गेले आणि तो कंप्रेसरवरचा आवाज खाली घेऊन म्हणाले, 'माताजी… मेरे जाने के बाद बंद कर दीजिएगा.'

टाकी परत भरताना काटा पाऊणवर आल्यावर आईने कॉक बंद केला. तो आजतागायत बंद आहे. डायल आहे, दिवाळीला काकासाहेब होते तोवर ते, आता दुसरं कुणी, काच पुसतं, आणि पाणी पुरतं.

मला नोकरी मिळाली. नोएडा, मग फरीदाबाद, मग गुडगाव, जन्म गेला काट्यांसमोर. एक काटा खोटा चालू दिला नाही मी, विचारा कुणालाही! आणि आई एकटी तिथेच, मयूर विहारला, येत नाही म्हणते आमच्याकडे. मी रोज फोन करतो. 'आई, कशी आहेस?' गुडघ्याचं औषध संपलेलं असतं, ते कामवाली मला आधीच सांगून गेलेली असते. जिना चढताना धाप लागते, ते समोरचे सांगतात. मला सगळं माहीत असतं हो! आणि आई फोनवर म्हणते, 'मी? पाऊण!'

कॉक बंद आहे, हे मला कळत नाही का? जन्मभर काटेच तपासलेत मी! निघतोच, रविवारी औषध घेऊन जातोच. पण तुम्हाला सांगतो… तिने 'पाऊण' म्हटलं की फोन ठेवताना मला बरं वाटतं.

आता यात माझं काय चुकलं?